मंचावर फक्त चौघं

श्रावणसरांना हे सांगायचं कोणी, यातच आमचे तीन आठवडे वाया गेले.

सांगायचं होतं ते अगदी साधं. सर, त्या दिवशी तुम्ही आमच्यासमोर उभे राहू नका. बस, एवढं एक वाक्य. आम्ही चार धडधाकट माणसं. त्यातला सैफ तर सोळा चाकी ट्रकच्या ड्रायव्हरशी तासभर हुज्जत घालू शकतो. पण सर समोर आले की चौघांच्याही तोंडाला कुलूप.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी मैत्रेयी, पहिलं व्हायोलिन. फिजा दुसरं व्हायोलिन. धम्मदीप व्हिओला वाजवतो, म्हणजे व्हायोलिनचा जाडसर आवाजाचा मोठा भाऊ. सैफकडे चेलो, जो खुर्चीवर बसून, जमिनीला टेकवून वाजवायचा. चौघंही पांढरकवड्याचे, चौघंही वीस-बाविशीतले. अशा संचाला क्वार्टेट म्हणतात, हे गावात समजावता समजावता माझं अर्धं आयुष्य गेलं. "लग्नात वाजवता का?" नाही. "गणपतीत?" नाही. "मंग कायले शिकून राह्यले बाप्पा?" यापुढे मी उत्तर देत नाही.

सर चोवीस वर्षं फौजेच्या बँडमध्ये होते. निवृत्त होऊन गावी आले ते दोन लोखंडी पेट्या भरून जुनी वाद्यं घेऊन, आणि विहाराच्या हॉलमध्ये पोरांना शिकवायला बसले. सकाळी सहाला हजर, संध्याकाळी पुन्हा सराव. पाच मिनिटं उशीर झाला की हॉलला तीन फेऱ्या पळत मारायच्या, मुलगी असो की मुलगा. आज आम्ही जे वाजवतो ते त्यांच्यामुळे, हे मी कुठेही, कोणासमोरही कबूल करीन. पण माणसानं वैताग आणायचा म्हणजे किती आणायचा!

सर आम्हांला एका सरळ ओळीत बसवत. सव्वीस जानेवारीच्या संचलनात बँड उभा असतो तसं. समोर स्वतः उभे राहत, उजवा हात वर, पायानं ठेका. "नजर कुठं आहे? माह्या हातावर ठेव. हात नाई दिसला तं वाजवायचं नाई." तीन वर्षं आम्ही तेच केलं. सरांच्या उजव्या हातावर कोणती शीर कुठून कुठे जाते ते मी डोळे मिटून सांगेन. पण शेजारी बसणाऱ्या फिजाचा चेहरा वाजवताना कसा दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या एका तळ्याकाठच्या गावातून मेल आली. तिथे दर ऑक्टोबरात तरुण वादकांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. या वर्षी त्यांनी चार देशांतल्या चार क्वार्टेटांना आपापल्या गावातूनच थेट वाजवायला सांगितलं होतं. तिकडच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर आम्ही दिसणार, लोक तिकीट काढून ऐकणार. आम्ही नुसता आवाज मुद्रित करून पाठवला होता, चित्र नव्हतं. त्यांनी निवडलं. मी मेल पाच वेळा वाचली आणि मग आईला गदागदा हलवलं.

घोडं अडलं ते पहिल्या व्हिडिओ कॉलला. तिकडून आन्या नावाची बाई बोलत होती, महोत्सवाची सगळी जुळवाजुळव तिच्याकडे. आम्ही आपले ओळीत बसलेले, समोर सर पाठमोरे. आन्यानं दोन मिनिटं ऐकलं, मग अतिशय गोड आवाजात विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

आम्ही सांगितलं, आमचे सर.

"छान. पण क्वार्टेटला समोर उभं राहून हात हलवणारा कंडक्टर नसतो. तुम्ही अर्धगोलात बसा, एकमेकांकडे बघा, एकमेकांचा श्वास ऐका. मंचावर फक्त चौघं. हा नियम आहे, मला यात काहीच करता येणार नाही."

सरांना इंग्रजी कळतं, पण फौजेतलं. श्वासाबिसाचं त्यांना काही उमगलं नाही. "काय म्हनते ते बाई?" त्यांनी विचारलं.

"वाजवणं आवडलं म्हणते," धम्मदीप पटकन म्हणाला.

तिथेच सगळा घोळ झाला.

त्यानंतर प्रत्येकानं आपापली मर्दुमकी दाखवली. सैफ म्हणाला, आपण बिनधास्त बोलून टाकू. गेला, आणि चेलोची तार सैल का म्हणून दहा मिनिटं बोलणी खाऊन परत आला. धम्मदीपनं चिठ्ठी लिहिली, ती दोन आठवडे त्याच्या खिशात राहून पँटसोबत धुतली गेली. फिजाचं म्हणणं, सर आता सदुसष्टचे आहेत, त्यांना वाईट वाटेल. अगं, वाईट वाटणारच! पण बावीस मिनिटं आम्ही जगासमोर वाजवणार, एकही चूक झाली तर निस्तरायला दुसरी संधी नाही, त्याचं काय?

शेवटी चोरून सराव करायचा ठरलं. सैफचे अब्बा जमीरचाचा, त्यांचं गॅरेज हायवेला लागून. दुपारी नमाजाच्या वेळेला ते बंद असे, तेव्हा आम्ही आत घुसलो. ग्रीसच्या डब्यांमधून चार खुर्च्यांचा अर्धगोल केला, बसलो, बो म्हणजे वाजवायचे गज तारांवर टेकवले.

आणि कोणी वाजवेना.

चौघंही समोरच्या भिंतीकडे बघत होतो. भिंतीवर टायर टांगलेलं होतं.

"शुरू तो करो कोई," सैफ म्हणाला.

"कोण?"

"मतलब, हात कोण उठवणार?"

मी म्हटलं, आन्या म्हणाली तसं श्वास घेऊन सुरू करू. मी श्वास घेतला. फिजाला वाटलं मला शिंक येतेय, ती थांबली. धम्मदीप आधीच सुटला होता. सैफ एक मात्रा मागून आला. नऊ वेळा सुरुवात केली, नऊ वेळा ढासळलो. दहाव्या वेळी मी बो खुर्चीवर आपटायच्या बेतात होते. अंगाची लाही लाही होत होती, आणि राग फक्त आमच्यावर नव्हता. तीन वर्षं या माणसानं आम्हांला सूर शिकवला, ताल शिकवला, बो कसा धरायचा, मान कशी ठेवायची, सगळं शिकवलं. फक्त त्याच्याशिवाय सुरू कसं करायचं ते शिकवलं नाही.

तरी आठवडाभर गॅरेजमध्ये घासून सराव केला. जेमतेम जमायला लागलं. मग संध्याकाळी विहारात सरांसमोर बसायचो, की पुन्हा नजरा त्या हातावर. दुपारी कमावलेलं संध्याकाळी घालवायचं, असा आमचा उद्योग.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीसुद्धा कोणी बोललं नाही.

जागा नागोरावांचं मंगल कार्यालय. जनरेटर आणि भरवशाचं नेट, दोन्ही असणारी गावात तेवढीच जागा. अडचण एक. कार्यालयासमोरून जुना हायवे जातो, आणि कापसाचा हंगाम सुरू झाल्यानं जिनिंगकडे जाणारे ट्रक दिवसभर तिथून कण्हत असतात. कार्यालयाच्या दारात वळण आहे, त्यामुळे प्रत्येक ट्रकवाला तिथेच हॉर्न देतो. नागोराव म्हणाले, "काळजी नको करू माय, हवालदाराले सांगून ठेवलं. सात वाजता थो उभा राह्यते." नागोरावांचा सगळा जीव नारळ-शालीत अडकला होता. वाजवायच्या आधी सत्कार की नंतर, यावर त्यांनी माझं डोकं अर्धा तास खाल्लं.

पाच वाजता तिकडच्यांसोबत आवाजाची चाचणी होती. सर आले. कोट, छातीवर पदकं, आणि आरशासारखे चकचकीत फौजी बूट. त्यांना बघून फिजाचे डोळे भरले.

"सर, मंचावर फक्त चौघं असं त्यांचं म्हणणं आहे," मी म्हटलं. तीन आठवड्यांनी निघालं एकदाचं.

"मालूम आहे," सर म्हणाले. "सैफच्या अब्बानं सांगतलं मले. मी कॅमेऱ्याच्या मागं उभा राह्यतो. मी कायले दिसतो त्याईले?"

म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं! आणि त्यावर तोडगाही काढून ठेवला होता! मी काही बोलणार तोवर आन्या पडद्यावर आली.

आम्ही अर्धगोलात बसलो. कॅमेऱ्यामागे सरांनी हात वर केला. झालं, चौघांच्या माना एका कळीनं फिरवल्यासारख्या तिकडे. दीड मिनिटानं आन्यानं थांबवलं.

"तुम्ही चौघंही कुठे बघताय? तिथे कोणी आहे का?"

"कोणी नाही," धम्मदीप म्हणाला. हा मुलगा खोटं बोलायला कधी चुकत नाही.

सर खांबामागे सरकले. पुन्हा सुरुवात. पुन्हा थांबवलं. "एक ठक-ठक आवाज येतोय. अगदी नियमित. यंत्राचा आहे का?"

बूट! विहारात आम्ही सगळे चपला-जोडे बाहेर काढतो. तीन वर्षं सरांचा पाय अनवाणी ठेका देत होता, म्हणून कधी ऐकू आला नाही. इथे फरशीवर फौजी टाच पडत होती आणि ती सातासमुद्रापार पोचत होती. तेवढ्यात बाहेर ट्रकनं हॉर्न दिला, लांबलचक, तीन सुरांचा.

आन्याचा गोड आवाज पहिल्यांदा कमी गोड झाला. "मला माफ करा. पण सात वाजता हे असंच असेल तर आम्हांला तुमचा भाग मध्येच थांबवून पुढच्या गटाकडे जावं लागेल. लोक सभागृहात बसलेले असतील." पडदा काळा झाला.

सर खांबामागून बाहेर आले. "मी बूट काढतो," ते म्हणाले. "आन् तिकडल्या दारात उभा राह्यतो. फक्त हात वर करतो. तुमाले दिसला म्हनजे झालं."

आणि माझा तोल सुटला.

"नका ना सर! काही करू नका! तुमचा हात दिसला की आम्ही दुसरं काही बघतच नाही. एकमेकांकडे बघत नाही, ऐकत नाही, काही नाही. तुम्ही जवळपास असाल तोवर आम्हांला वाजवताच येणार नाही. तुम्ही जा इथून. खरंच जा."

हॉलमध्ये खुर्च्या लावणारी माणसं थांबली. नागोरावांच्या हातात शाल होती, ती तशीच राहिली. माझ्याच आवाजाची मला लाज वाटली, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "ठीक आहे," ते म्हणाले, आणि वळून दाराबाहेर गेले. बुटांचा आवाज पायऱ्यांपर्यंत आला.

"एवढं ओरडायचं होतं का?" फिजा म्हणाली.

"मग तू सांगायचं होतं हळू आवाजात! तीन आठवडे होते तुझ्याकडे!"

तिनं तोंड फिरवलं. सैफ चेलोच्या खुंट्या पिळत बसला. महोत्सवाला दोन तास उरले होते आणि आम्ही चौघं एकमेकांशी बोलत नव्हतो.

सातला पाच मिनिटं कमी असताना आम्ही मंचावर बसलो. समोर पडदा, पडद्यावर तिकडचं सभागृह, ओळीनं पांढऱ्या केसांची माणसं. इकडे खुर्च्यांवर आमचे आई-वडील, विहारातले लोक, सैफची आजी बिस्मिल्लाबी, मोहल्ल्यातली मुलं. आन्यानं आमची नावं वाचली. माझं नाव तिनं इतकं सावकाश वाचलं की ते मला दुसऱ्या कोणाचं वाटलं. मग शांतता झाली.

मी सवयीनं कॅमेऱ्यामागे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

 मग मी फिजाकडे बघितलं. ती रागावलेलीच होती, पण माझ्याकडे बघत होती. धम्मदीप बघत होता. सैफही बघत होता, ओठ दाताखाली धरून. मी बो उचलला आणि नाकातून श्वास घेतला, मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा.

चौघंही एकदम आलो.

पहिल्या काही ओळी डगमगलो, खोटं कशाला बोलू. धम्मदीप जरा मागे पडला, तर सैफनं त्याच्याकडे मान झुकवली आणि त्याला ओढून आणलं. असं करता येतं हे मला माहीतच नव्हतं. दुसरा भाग संथ. त्यात एक जागा आहे, तिथे मी आणि फिजा एकच सूर हलका करत करत सोडतो. सरांचा हात असताना आम्ही तो तिसऱ्या मात्रेला तोडत होतो. त्या दिवशी कोणी तोडला नाही. फिजा थांबली तेव्हा मी थांबले. हॉलमध्ये एवढी शांतता की पंख्याची करकर ऐकू यावी. बाहेरून एकही हॉर्न नाही, ट्रकची घरघरसुद्धा नाही. हवालदार एकदाचा आला म्हणायचा, असं वाटून मी मनातल्या मनात नागोरावांना माफ केलं.

तिसऱ्या भागात मी घाई केली. चौथ्यात सावरलं. शेवटचा सूर चौघांनी एकत्र उचलला आणि बो हवेतच राहिले.

पडद्यावरची माणसं टाळ्या वाजवताना आधी दिसली, आवाज मागून आला. ती उभी राहिली होती. आन्या डोळे पुसत हसत होती आणि काहीतरी बोलत होती, ते मला समजलं नाही. इकडे मुलांनी शिट्ट्या मारल्या. फिजानं व्हायोलिनसकट मला मिठी मारली. नागोराव नारळ घेऊन मंचावर चढलेच.

मला नारळ नको होता. मी हॉलमध्ये सर दिसतात का बघितलं, पायऱ्यांवर बघितलं, मग बाहेर पळत आले.

बाहेर रस्त्यावर ट्रक उभे होते. एका मागं एक, वळणापासून पार पेट्रोल पंपापर्यंत, दोन्ही बाजूंनी. सगळ्यांची इंजिनं बंद. ड्रायव्हर खाली उतरून बिड्या ओढत उभे. मध्येच खांबावरच्या दिव्याखाली सर, अनवाणी, दोन्ही हात आडवे करून. बूट रस्त्याच्या कडेला जोडीनं ठेवलेले. हवालदाराचा कुठे पत्ता नव्हता. जमीरचाचा एका तेलंगणाच्या ड्रायव्हरला हिंदीत समजावत होते, "दो मिनट और, भाई. बच्चे बजा रहे हैं."

सरांनी मला बघितलं. "झालं?"

"झालं."

त्यांनी हात खाली घेतले आणि बाजूला सरले. ट्रक एकेक करून सुरू झाले. पहिल्यानंच जाता जाता असा कर्कश हॉर्न दिला की कान बधिर झाले. सर कडेला येऊन बूट घालायला वाकले, पण त्यांना बसता येईना; अर्धा तास उभं राहून गुडघे धरले होते. मी त्यांचा दंड धरला आणि कठड्यावर बसवलं.

"सर, तुम्ही ऐकलंच नाही," मी म्हटलं. मला त्यांचा इतका राग आला होता की रडू येत होतं. "सगळ्यांनी ऐकलं. तुम्हीच नाही ऐकलं!"

"कसं आयकू? इथून ट्रक सोडले असते तं तिथं आयकू आले असते."

"मी मघाशी जे बोलले…"

"खरं बोल्ली," सर म्हणाले. लेस बांधताना त्यांनी वर पाहिलं नाही. "पन सगळ्याच्या समोर बोल्ली."

 माफी मागायला तोंड उघडलं, तर ट्रकची धूळ तोंडात गेली.

"रेकॉर्डिंग पाठवणार आहेत ते," मी शेवटी म्हटलं. "उद्या-परवा येईल."

"येऊ दे. पयलेछूट सुरुवात कोनं केली?"

"मी."

"हात करून?"

"नाही. श्वास घेऊन."

त्यांनी दुसऱ्या बुटाची लेस बांधली. मग कठड्यावर हात थोपटून म्हणाले, "बस इथं. सांग मले. सुरुवातीपासून सांग."

मी त्यांच्याशेजारी बसले आणि सांगायला लागले. धम्मदीप कुठे मागे पडला, सैफनं त्याला कसं आणलं, दुसऱ्या भागातला तो सूर किती वेळ राहिला आणि आधी कोण थांबलं. आतून नागोरावांच्या माईकचा आवाज येत होता, मान्यवरांची नावं चालली होती, माझंही नाव पुकारलं गेलं. मी उठले नाही. तिसऱ्या भागात मी घाई केली, हेही सांगितलं. ट्रक आला की थांबायचे, तो गेला की पुन्हा पुढे.

सर खाली मान घालून ऐकत होते. पूर्ण बावीस मिनिटांत त्यांनी मला एकदाही टोकलं नाही.